पाढ्यांचा गेम

लेक दुसरीत असताना तिच्यासाठी पाढ्यांचा गेम करायचं त्याने मनावर घेतलं. ऑफिसात कोड लिहून डोक्याचा भुगा व्हायचा, म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशी. पण दर वेळी आधीचं काम बघून त्याचं डोकं फिरायचं. "कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?" म्हणत तो सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायचा.

आज लॉगिनचं पान झकास जमलं. त्याने कौतुकाने लेकीला हाक मारली. ती दहावीचं पुस्तक हातात घेऊनच आली.

"बाबा, पाढे आईने केव्हाच पाठ करून घेतले. भांडी घासता घासता."

"अगं, बघ तरी!"

तिने नाव टाकून बटण दाबलं. पुढचं पान कोरंच होतं. ती परत अभ्यासाला गेली.

"कुठल्या गाढवाने..." सवयीने त्याच्या तोंडून निघालं, आणि तो गप्प बसला.