एकोणनव्वद अंश

संपदाने लॅपटॉप वडिलांकडे वळवला आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"बाबा, एकोणनव्वद अंश. एवढ्याशा उष्णतेवर वीज परवडत नाही."

विश्वासरावांनी चष्मा पुसला. सरकारी भूगर्भ खात्यातून निवृत्त झाल्यानंतरची बारा वर्षं त्यांनी दिल्लीतल्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते, लडाखच्या जमिनीखालच्या उष्णतेवर वीज करा म्हणून. साहेब लोक चहा पाजत आणि सौरऊर्जेबद्दल बोलत. आता कुठे वीज करता येईल याचा सरकारी अहवाल नेमका मुलीच्या गुरुग्रामच्या कंपनीकडे आला होता, आणि आज संध्याकाळी दिल्लीला पाठवायचा होता. तिने नाही म्हटलं की लडाख यादीतून कायमचं बाद.

"आकडा चुकीचा आहे," ते म्हणाले. "खणताना बोअरमध्ये थंड पाणी सोडतात. मग महिनाभर थांबायचं, खालची उष्णता परत वर येऊ द्यायची, आणि मग मोजायचं. तिथे तिसऱ्याच दिवशी मोजलं."

"अच्छा. मग थांबले का नाहीत?"

"बर्फ पडणार होता. सगळ्यांना घरी जायची घाई."

"आता परत मोजू या ना."

"ते बोअर केव्हाच ढासळलं. नवं खणू द्या म्हटलं की हाच आकडा दाखवतात."

संपदाला त्यांची कीव आली, रागही आला. दुसऱ्याच्या घाईपायी या माणसाने म्हातारपण वाया घालवलं. त्या शहाण्याचं नाव तरी कळू दे, म्हणून तिने मोजणीच्या जुन्या नोंदीचं स्कॅन उघडलं आणि पान खाली सरकवलं.

सही तिच्या ओळखीची होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पालकांच्या रकान्यात दरवर्षी तीच असायची. शेजारी तारीख होती, तेरा ऑक्टोबर एकोणीसशे शहाण्णव.

तिचा वाढदिवस सोळाचा. लडाखहून धडपडत आले, पण तू झालीस तेव्हा हॉस्पिटलात हजर होते, हे आई दरवर्षी ओवाळताना कौतुकाने सांगायची.

विश्वासराव खिडकीतून समोरच्या टॉवरकडे बघत होते.

"बर्फ कधी पडला, बाबा?"

"नोव्हेंबर संपता संपता."

संपदाने स्कॅन बंद करून अहवाल पुन्हा उघडला.

"मोजणी घाईत झाली, असं लिहू?" तिने विचारलं.

"पुरावा काय जोडशील?"

पुरावा एकच होता, तिची जन्मतारीख. आकडा तसाच ठेवून तिने अहवाल पाठवला. विश्वासराव हळूच उठले आणि लहानपणी थोपटायचे तसं तिच्या पाठीवर थोपटत राहिले.