दहापैकी दोन

मी दुखण्याचा तक्ता बोलतोय. जबलपूरच्या एका इस्पितळात, मणक्याच्या वॉर्डात सिस्टरच्या हातातून खाटेखाटेवर फिरतो. अंगावर शून्य ते दहा आकडे आणि सहा चेहरे; पहिला हसरा, शेवटचा रडका. सराफ्याजवळच्या छापखान्यात माझा जन्म झाला, तेव्हा शेजारच्या यंत्रावर लग्नपत्रिका निघत होत्या. त्यांना पाहून लोक खूश होतात, मला पाहून तोंड फिरवतात.

लोक मला खरं सांगत नाहीत, हे माझं जुनं दुखणं. कोणी सुईच्या धाकानं आकडा कमी करतो, कोणी घरचे आले की वाढवतो. पण दिवाकर भुस्कुट्यांसारखा माणूस मी पाहिला नव्हता.

भुस्कुटे संरक्षण कारखान्यातले निवृत्त इन्स्पेक्टर. उभा जन्म मोजमापात गेला. केसभर फरक दिसला की माल परत. कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून दीप्ती सिस्टर मला दर चार तासांनी त्यांच्यापुढे धरायची आणि ते म्हणायचे, "दोन."

दुसऱ्या दिवशी दुपारी चादर त्यांच्या मुठीत पिळलेली होती, कपाळावर घाम होता आणि तोंडात तेच दोन. दीप्तीच्या मागे आणखी अकरा खाटा होत्या. तिनं लिहून घेतलं आणि मला त्यांच्या उशाशी विसरून पुढे गेली. सहा तोंडं असून मला एकानंही ओरडता येईना. तेवढ्यात ऑफिसातून फॉर्म आला: वेदनेवरच्या उपचारानं आपण समाधानी आहात का? त्यांनी 'पूर्ण समाधानी'वर खूण केली.

त्यांच्या पत्नी विनताबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"इतका घाम? काहून लपवून राहिले तुम्ही?"

"हळू बोल. पाय सुन्न पडून राहिला. पण आकडा वाढला की त्या पोरीला मेमो मिळेल."

आता मला उलगडा झाला. कारखान्यात माप चुकलं की कारागिराला मेमो मिळायचा. माझ्यावरचा आकडा म्हणजे दीप्तीच्या कामाचे मार्क, असं या भल्या माणसानं धरून ठेवलं होतं. बरगीकडची ती पोर, नोकरीला सहाच महिने झालेले. ऑपरेशनच्या आधी ते घाबरले तेव्हा त्यांचा हात धरून बसलेली. मला त्यांचा राग आला आणि मायाही वाटली.

विनताबाईंनी चहा ठेवला, मला उचललं, तडक दीप्तीपाशी गेल्या आणि माझ्या रडक्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. पाय सुन्न आहे, मेमोच्या भीतीनं बोलत नाहीत, हेही सांगितलं. दीप्ती खाटेशी आली.

"बाबूजी, ये मेरे नंबर नहीं हैं, आपके हैं. सच बताइए."

भुस्कुट्यांनी डोळे मिटले. "दस. सुबह से."

तिनं पायाचा अंगठा वर करायला सांगितला. तो हलला नाही. दीप्ती धावली. डॉक्टर आले, म्हणाले, आत रक्त साठून नसा दबताहेत, आत्ताच उघडावं लागेल, उशीर झाला तर पाय जाईल. खाट ऑपरेशन थिएटरकडे गेली. मी विनताबाईंच्या मुठीत राहिलो. तीन तास ती मूठ सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीप्तीनं मला पुन्हा त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी बराच वेळ मला न्याहाळलं. "सात," ते म्हणाले. विनताबाई रडू लागल्या, दीप्तीही डोळे पुसू लागली. सात ऐकून कोणाला इतकं सुख झालेलं मी पाहिलं नव्हतं. पांघरुणाखाली अंगठा जरासा हलला.

घरी जाताना त्यांनी नवा फॉर्म भरला. सर्वांत जास्त दुखलं किती? दहा. उपचारानं समाधान? पूर्ण. ऑफिसातली यशश्री म्हणाली, काका, यातला एक रकाना चुकलाय.

"दोन्ही बरोबर आहेत," भुस्कुटे म्हणाले. "तपासूनच भरले."

आता माझा एक कोपरा विनताबाईंच्या मुठीत मुडपला तो कायमचाच, आणि पुसून पुसून मधले चेहरे फिकट झालेत. तरी काम चालू आहे. कधी तुमच्या खाटेशी आलो, तर सिस्टरची भीड धरू नका. तुम्ही दोन म्हणालात, तर ती पुढच्या खाटेकडे जाईल.