पलंगाची खुर्ची, खुर्चीच्या पायऱ्या

मित्रांनो, तुम्ही मला पाहाल तेव्हा मी एक खुर्ची असेन. माझी पाठ धरून मला पुढे उलटवलेत, तर माझ्या पायऱ्या होतील आणि वरच्या फळीवरचे पुस्तक तुमच्या हाती येईल. पण त्याआधी मी पलंग होते, आणि माझ्यावर एक आई कित्येक महिने पडून होती.

तिला दोन मुले. थोरला सुतार होता आणि कामासाठी दूर राहत असे. धाकटी मुलगी एका लहानशा वाचनालयाची ग्रंथपाल. उंचीने एवढीशी, म्हणून भाऊ तिला चिमणी म्हणे. आईचे सगळे चिमणीनेच केले. आई कूस बदलायची ती नेहमी दाराच्या बाजूला. तेव्हा माझ्या एका सांध्यातून बारीक, लांबट आवाज निघे, कुणी ओठ मिटून हुंकार द्यावा तसा. तो ऐकला की चिमणी हातातले काम टाकून धावत येई.

थोरल्याला निरोप जात होते. तो दर वेळी म्हणे, एवढे काम हातावेगळे करतो आणि निघतोच. निघालाही, पण पोहोचला तेव्हा माझ्यावरची गादीसुद्धा उचललेली होती. चिमणीने त्याला पाणी दिले, जेवायला वाढले. रागाने दोन शब्द बोलली असती तर त्याला बरे वाटले असते.

तिला रिकामा पलंग डोळ्यांसमोर नको होता आणि तो मोडीत काढायचा धीरही होत नव्हता. शेवटी थोरल्याने मला आपल्या कामाच्या जागी नेले. वाचनालयात बहीण डुगडुगत्या स्टुलावर टाचा उंचावून पुस्तके काढते, हे त्याने पाहिले होते. तोंडाने माफी मागणे त्याला जमेना. त्याने करवत घेतली.

कापताना दुखते का, असे तुम्ही विचाराल. दुखते, मित्रांनो, पण त्याचा हात हलका होता. माझ्या उशाकडच्या फळीची त्याने पाठ केली, लांब पट्ट्यांच्या बाजू केल्या. बाजूंना तिरका छेद देऊन माझे दोन भाग केले आणि बैठकीच्या पुढच्या कडेला पितळी बिजागऱ्यांनी ते जोडले. पाठ पुढे लोटली की मागचा भाग उलटा होऊन समोर टेके आणि आत दडलेल्या पायऱ्या उघड्या पडत. पहिल्यांदा उलटवले तेव्हा मी लंगडले. त्याने एक पाय तासला, तर दुसरा लांब वाटू लागला. असेच चालले तर हिचा पाट होईल, असे तो स्वतःशीच पुटपुटला.

चिमणीने मला वाचनालयात ठेवून घेतले, पण कौतुकाचा शब्द काढला नाही. दुपारी वाचक पांगल्यावर ती माझ्यावर चढली. शेवटच्या पायरीवर पाय पडताच माझ्यातून तोच आवाज निघाला.

“आले हं, आई,” तिच्या तोंडून निघून गेले. ती दाराकडे वळलीसुद्धा होती.

मग ती सावकाश उतरली. तिने मला कोपऱ्यात सारले आणि वर चादर टाकली. ती पुन्हा स्टुलावर चढू लागली. वाचक माझ्या जवळून जाताना अंग चोरत. चादर आपोआप हलते, असे कुणीतरी उठवले होते. माझ्यावर धूळ साचली.

एक दिवस स्टूल कलंडले आणि चिमणीचे मनगट मुरगळले. भाऊ धावत आला. मी चादरीखाली दिसताच त्याचा चेहरा उतरला. आता तिला सांगावेच लागले. सगळे ऐकून तो म्हणाला, सांध्यात मेण भरतो, पुन्हा आवाज येणार नाही.

“नको,” चिमणी म्हणाली. “मी रोज ऐकलाय. तू एकदा ऐक.”

त्याने वहाणा काढल्या आणि तो चढला. शेवटच्या पायरीवर उभा राहिला. मी गप्प. त्याने या पायावर भार दिला, त्या पायावर दिला, वाकून पाहिले. काहीच नाही.

“माझ्याशी बोलत नाही ती,” तो म्हणाला.

चिमणीने धडधाकट हाताने त्याचे कोपर धरले.

“दादा, ती तुझीच वाट बघायची. म्हणून दाराकडे वळायची. मी आत आले की म्हणायची, तू होय.”

त्या दोन शब्दांचा सल तिने कुणालाच दाखवला नव्हता. भाऊ खाली उतरला आणि दोघे माझ्याशेजारी जमिनीवरच बसली. दिवे लावायचेही कुणाला सुचले नाही.

आता चिमणी रोज माझ्यावर चढते. मी हुंकारते आणि ती हळूच “आले” म्हणते. थोरला बिजागऱ्या बघायचे निमित्त काढून येतो, चढतो आणि कान देऊन उभा राहतो. मित्रांनो, मला फार वाटते, एकदा तरी त्याला आवाज द्यावा. पण लाकडाच्या मनासारखे होत नाही.

माझ्यासारखी खुर्ची तुमच्याकडे असेल तर तिला पुसा, बिजागऱ्यांना तेल द्या. पण त्याआधी घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर त्याच्यापाशी जाऊन बसा. पलंग पलंग आहे तोवर जा. नंतर आम्हा लाकडांकडे कितीही कान लावलेत, तरी आम्ही कुणाला उत्तर देऊ ते आमच्या हाती नसते.