निरोपाचे हॅलोजन

पुण्याच्या समितीची अट साधी होती. अंधाराचा आकडा वीसच्या वर असलेल्या दहा संध्याकाळी दाखवा, मगच डोंगरावर दुर्बीण बसेल. वर्षभर मापं घेऊन आभाकडे नऊ जमल्या होत्या. आजची अमावस्या शेवटची. रात्री नऊच्या आत सलग अर्धा तास मिळाला की झालं.

पनवेलच्या बाजूचं आभाळ केव्हाच मेलं होतं. तिथे रात्र होत नाही, कावीळ होते. गोदामवाले, बिल्डर, साहेब, सगळ्यांना तिने दिवे खाली वळवायचे अर्ज दिले. एकानेही साधी पोच दिली नाही. उरला हा पूर्वेचा कडा आणि पायथ्याचं भामामावशींचं गाव. इथेही खाडीचा दमटपणा चढला की दूरचा उजेड हवेत पसरायचा आणि आकडा पडायचा. आज मात्र उत्तरेचा कोरडा वारा होता, धुरकं नव्हतं, तारे ठाम होते. मापक २०.१ दाखवत होता.

आठला कड्याखाली पांढराफटक उजेड फुटला. आकडा १८.६.

"कोण हा नालायक?" म्हणत आभाने मावशींना फोन लावला. "मावशी, हॅलोजन कुणी लावलेत?"

"आमीच! दिसले कं?" मावशी खुशीत होत्या. "तुजा शेवटचा दिस हाय ना. वरीसभर एकटी पोर चढली, आमच्या आभालाची कुनीतरी किंमत केली. शेजारच्या भावेशनं सा हॅलोजन तुज्याकडं तोंड करून लावलेत. खाडीच्या बोईटाचं कालवन पन रांधलंय."

ज्यांना शिव्या घालायच्या ते फोन उचलत नाहीत, आणि सुनावायचं कुणाला, तर यांना!

"मावशी, मला काळोख हवाय. उजेडाने माप बुडालं माझं."

मग फोनातूनच गर्जना आली, "ए भावेश, बंद कर सगलं! पोरीचं काम बिघडलं!"

हॅलोजन गेले. पाठोपाठ देवळाचा दिवा, दारांतले बल्ब, भावेशच्या बंगल्यावरची निळी माळसुद्धा. आकडा चढला २०.५. वर्षभरात एवढा कधीच नव्हता. लिहून मोकळी झाली असती तर कोण तपासणार होतं?

"मावशी, घरातले दिवे लावा. रोजचं गाव हवं, नाहीतर माप खोटं."

"आदी सांगायचं ना बाय! पंगत बसलीय. अंधारात काटा दिसंना, समदी बोईट चाचपतायत."

पिवळे दिवे एकेक करून परत आले. आभा अर्धा तास हलली नाही. आठ पन्नासला सरासरी पडली २०.१. दहावी.

नोंदवहीत तिने लिहिलं: वारा उत्तरेचा, आर्द्रता अडतीस टक्के, आठला निरोपाचे सहा हॅलोजन, विनंतीवरून बंद. समिती हसली तर हसू दे.

मग मापकावर झाकण घातलं आणि फोन लावला.

"मावशी, मी उतरतेय. आता लावा. सहाच्या सहा."