लाल चाकावरची बांगडी

रिअॅक्टर म्हणजे झाकण घट्ट बसवलेलं पातेलंच, असं सुपरवायझर नव्या कामगारांना सांगायचा. आत दोन रसायनं भेटली की आपोआप तापतात. बाहेरून गार पाणी फिरवत त्यांना शांत ठेवायचं, रुसलेल्या माणसाची समजूत काढावी तसं. नाहीच ऐकलं आणि तापमापकाचा काटा पंच्याऐंशीवर गेला, तर खालचं लाल चाक फिरवायचं. सगळा माल तळातल्या पाण्याच्या टाकीत पडतो आणि निवतो. "माल गेला तर गेला. कुणाला विचारत बसायचं नाही," असं तो बजावायचा. बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आज मात्र इस्पितळातल्या स्टुलावर तो मुका होऊन बसला होता. समोर खाटेवर त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याच रिअॅक्टरवरचा ऑपरेटर. दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत.

"भाऊजी, हात माझे भाजलेत आणि तोंड तुमचं उतरलंय," मेहुणा म्हणाला.

सुपरवायझरला हसता आलं नाही. हसून झालं होतं सगळं, सहा महिन्यांपूर्वीच.

तेव्हाही काटा पंच्याऐंशीवर गेला होता, आणि मेहुण्याने कुणाला न विचारता चाक फिरवलं होतं. मागाहून कळलं, तापमापकच बिघडलेला. आत सगळं आलबेल होतं. दोन दिवसांचा माल वाया गेला. मॅनेजर सुपरवायझरवर डाफरला, आणि सुपरवायझरने तो राग थट्टेवर काढला. चारचौघांत मेहुण्याला म्हणाला, "काय भागूबाई, एवढं घाबरायला काय झालं?" नाव चिकटलं ते चिकटलंच. जेवायच्या सुट्टीत कुणीतरी हाळी द्यायचं, "भागूबाई, डबा गरम आहे, सोडू का पाण्यात?" तेवढ्यावर भागलं नाही. सुपरवायझरने घरून एक पिवळी प्लास्टिकची बांगडी आणली आणि लाल चाकाला दोऱ्याने बांधली. "पुन्हा फिरवावंसं वाटलं, तर आधी ही भर!" सगळे हसले. मेहुणाही हसला. भाऊजीच ते, करतो काय? बांगडी तिथेच राहिली. तिच्यावर धूळ बसली, पण ती सोडावी असं कुणाला वाटलं नाही.

मग परवाची दुपार. गार पाण्याचा पंप बंद पडला. सुपरवायझरच्या केबिनमधला फोन वाजला.

"भाऊजी, पंच्याऐंशी झालेत. सोडू का?"

"का रे, बांगडी भरलीस का? थांब, आलोच."

कपात दोन घोट चहा होता. तो त्याने संपवला. मग बूट चढवले, हेल्मेट घेतलं. चार मिनिटं गेली. जिन्याच्या मध्यावर असताना झाकणाच्या कडेने वाफ फुटल्याचा आवाज आला, कापड टराटरा फाटावं तसा. त्या वाफेत शिरून मेहुण्याने चाक फिरवलं. म्हणून नऊ माणसं धडधाकट घरी गेली. दहावा हा.

"उद्या चौकशी आहे," सुपरवायझर कसाबसा म्हणाला.

"फोनचं काढू नका. मी सांगेन, मला सुचलं नाही. माझी नोकरी जाणारच, तुमची कशाला? दोघंही घरी बसलो तर ताईने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"पण तू फोन कशाला केलास? नियम तुला पाठ होता ना रे?"

मेहुण्याने मान खिडकीकडे वळवली. "चाकाला हात लावला होता, भाऊजी. बांगडी हलली. म्हटलं, परत हसतील."

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या टेबलावर ते लाल चाक आणून ठेवलं होतं. त्याच्या आऱ्याला काहीतरी पिवळं वितळून चिकटलेलं. चौकशीला आलेल्या बाईंनी पेनने त्यावर टिचकी मारली.

"ऑपरेटरने चार मिनिटं घालवली, एवढं लिहिलं की माझं काम संपलं. पण हे काय आहे?"

"कसलं तरी सील असेल, मॅडम," फिटर खाली बघत म्हणाला.

वाट मोकळी होती. नुसती मान हलवायची होती.

"बांगडी आहे," सुपरवायझर म्हणाला. "माझ्या बायकोची. मीच बांधली. आणि थांब म्हणालो, तेही मीच."

फोन, चहा, चेष्टा, सगळं त्याने ओतलं. बाई लिहिता लिहिता थांबल्या. "काय म्हणायचात त्याला?"

त्याला तो शब्द पुन्हा उच्चारावा लागला. खोलीत तेव्हा हसलेले सगळे होते, पण आज कुणी हसलं नाही.

संध्याकाळी घरी बायकोला सांगितलं, तेव्हा ती भावाचा डबा भरत होती. तिच्या हातात जोडीतली उरलेली बांगडी होती. दुसरी कुठे गेली म्हणून तिने किती दिवस कपाट उपसलं होतं.

"माझ्या भावाला लाजवायला माझीच बांगडी मिळाली तुम्हाला?"

बस, एवढंच. मग तिने डब्याचं झाकण लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला. "आजपासून तुम्ही जायचं. त्याचे हात पट्ट्यांत आहेत. घास तुम्ही भरवायचा."

इस्पितळात त्याने चमचा उचलला आणि फुंकर घातली. पुन्हा घातली. मग आणखी एकदा.

"भाऊजी, निवलं असेल आता," मेहुणा म्हणाला.

"थांब," तो म्हणाला, आणि तो शब्द तोंडातून गेल्याबरोबर फुंकर अर्धवट सोडून त्याने चमचा पुढे केला.