दुपारी बहिरा झालेला फिल्टर

मित्रांनो, मी रोपवेच्या यंत्रघरातला एक जुना फिल्टर आहे. दिसायला डब्याएवढा, पण काम गाळणीचे. पाळण्यातल्या माणसाने लाल बटण दाबले की दोराच्या तारेतून एक बारीक सूर येतो. मोटरची घरघर, तारांची खरखर, सगळे अडवून तेवढा एकच सूर मी पुढे सोडतो. मग घंटा वाजते आणि चालक पाळणा थांबवतो.

माझी रचना करणाऱ्या ताईंपुढे मोठा पेच होता. यंत्रघराचे छत पत्र्याचे. सकाळी गारठा, दुपारी भट्टी. माझ्या पोटात तारेची एक गुंडाळी आणि एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग आहे. कोणता सूर पुढे सोडायचा हे या दोघांच्या मूल्यांवर ठरते. उष्णतेने गुंडाळीचे मूल्य वाढले की मी ओळखतो तो सूर घसरतो. ताईंनी मला बर्फात ठेवले, केस वाळवायच्या यंत्राने भाजून काढले. शेवटी, उष्णतेने ज्याचे मूल्य नेमके तेवढेच घटते असा कपॅसिटर त्यांना सापडला. एकाने चढायचे, दुसऱ्याने उतरायचे. सूर जागच्या जागी!

अकरा वर्षे माझे झाकण कुणी उघडले नाही. मग कपॅसिटरचा पाय तुटला आणि मिस्त्री आला.

"कसली ही जुनी भानगड!" तो चालकाला म्हणाला. "काका, हा नवा कपॅसिटर बघा. कितीही तापवा, तसूभर हलत नाही."

"चालेल ना?"

"चालेल? धावेल!"

सकाळच्या गारव्यात घंटा खणखणीत वाजली. मीही खूश झालो.

दुपारी मिस्त्री पाळण्यात चढून त्याच्या माथ्यावरच्या चाकांना तेल द्यायला वर गेला. पाळणा मुंगीच्या गतीने सरकत होता. इकडे पत्रा तापला. गुंडाळी चढू लागली. नवा मात्र ताठ उभा, उतरायचे नावच घेईना. माझा सूर सरकला.

तेवढ्यात मिस्त्रीच्या कमरपट्ट्याचे टोक चाकात अडकले. त्याने लाल बटण दाबले. सूर माझ्या दारात आला. आणि मी त्याला परका समजून अडवले! त्याने पुन्हा दाबले. पुन्हा. सहा वेळा. चाक त्याला आत ओढत होते आणि घंटा गप्प होती. काका निवांत बसले होते.

अचानक मोटरच्या भाराचा काटा उसळला. काकांनी तो पाहिला आणि झटकन ब्रेक ओढला. चाक मिस्त्रीच्या छातीपासून वीतभर अंतरावर थांबले.

खाली येताच त्याने ताईंना फोन लावला. "ताई, नवा चांगला होता हो!"

"चांगलाच आहे. पण जुन्याची खोड गुंडाळीची खोड भरून काढत होती. तुम्ही तीच काढलीत." ताई पुढे म्हणाल्या, "आणि मी हे कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. चूक माझीही आहे."

ताई आल्या, पहिल्यासारखाच कपॅसिटर बसवला. मिस्त्रीने स्वतः मला गरम हवेने शेकले. त्याला घाम फुटलेला पाहून काका म्हणाले, "अरे, त्याला शेकतोयस की स्वतःला?" लाल बटण दाबताच घंटा वाजली, तेव्हा कुठे तो हसला. मग ताईंनी झाकणाच्या आत सगळे कारण लिहून ठेवले.

मित्रांनो, जुन्या वस्तूतला एखादा भाग विचित्र वाटला, तर काढण्याआधी तो तिथे का आहे हे विचारा. आणि स्वतः काही घडवलेत, तर त्यामागचे कारण लिहून ठेवा. एका माणसाची हाक मी सहा वेळा माघारी धाडली आहे. सातव्यांदा ती वेळ माझ्यावर आणू नका.