पाकिटातले ऑफिस टाइम

मित्रांनो, ज्या पत्राला दीनानाथांनी आठ महिने उत्तर दिले नाही, ते माझ्यासाठी आले होते. म्हणून ही हकिगत मी सांगते. नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

मी एक जुने, मातीलगत पसरणारे रोप आहे. माझी पाने जाड आणि पाणीदार, फुले राणी रंगाची. चांगले ऊन पडले की ती दहाच्या सुमारास उघडतात, म्हणून लोक मला ‘ऑफिस टाइम’ म्हणतात. माझी फांदी तोडून मातीत खोचली की तीही मीच होते. त्यामुळे वय विचारू नका.

बिबवेवाडीत पुस्तकबांधणी करणाऱ्या मकसूदभाईंच्या गच्चीवर, तेलाच्या डब्यात मी वाढले. लांबच्या मांजरी गावात राहायला जाताना त्यांनी अर्धे रोप शेजारच्या दीनानाथांना दिले. दीनानाथ निवृत्त ग्रंथपाल.

"घ्या सर. तुम्ही रिटायर झालात, पण हे दहाला हजर. रविवारीसुद्धा!"

"माझ्या हातून जगेल ना?"

"काही करू नका, म्हणजे जगेल."

काही न करणे दीनानाथांना जमले नाही. त्यांनी मला आत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी ठेवले आणि रोज दहाला पेलाभर पाणी घातले. माझी देठे काळी पडून गळू लागली.

तेव्हाच मकसूदभाईंचे पत्र आले. ‘नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन नव्हतं, माझं रोप गेलं. आता गच्चीत जागा मिळाली आहे. एक फांदी पाकिटात घालून पाठवा. चार दिवस टिकते.’

दीनानाथांनी माझ्याकडे पाहिले. एक ओळ लिहिली, खोडली. रोप सुधारले की लिहू, असे ठरवून पत्र एका पुस्तकात ठेवले.

मला वाचवले स्वयंपाकाच्या विमलाबाईंनी. "अहो सर, हे काय तापानं फणफणलेलं पोर आहे, सारखं पाणी पाजायला?" असे म्हणत त्यांनी डबा गॅलरीत, उन्हात नेऊन ठेवला. मार्चमध्ये मला फूल आले. दीनानाथांना वाटले, अजून थोडे भरू दे.

एप्रिलमध्ये मकसूदभाईंच्या पत्नीचे, रशीदाभाभींचे पत्र आले. ‘हे गेल्या महिन्यात गेले. शेवटपर्यंत विचारत होते, पोस्टमन आला का. फांदी असेल तर आताही पाठवा. कबरीवर ऊन पुष्कळ आहे.’

दहा वाजले होते. माझी सगळी फुले उघडी होती. दीनानाथांना ती पाहवली नाहीत.

मित्रांनो, आम्हाला लाडाचे पाणी नको. उन्हात ठेवा, आणि कुणी मागितले तर लगेच तोडून द्या. तोडल्याने आम्ही मरत नाही. वाट पाहणाऱ्याचे मात्र सांगता येत नाही.

त्यांनी माझ्या तीन फांद्या कागदात गुंडाळल्या. या वेळी काही खोडले नाही. ‘भाभी, फार उशीर केला. पाणी कमी घाला. दीनानाथ.’

पाकीट पोस्टाच्या पेटीत पडले. इथे अंधार आहे. चार दिवस मी टिकते.